मुठेच्या काठावर उतरण्याआधीची तयारी

पुण्यात मुठेच्या काठावर कचरा उचलायला उतरायचं ते पाऊस ओसरल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. पाणी खाली गेलेलं असतं, पुरानं आणलेलं प्लास्टिक झुडपांना लटकलेलं दिसतं. मार्च लागला की टिटवी उघड्या गोट्यांत अंडी घालू लागते; ती दगडांच्याच रंगाची, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. आणि पावसाळ्यात खडकवासला धरणातून विसर्ग चालू असताना पात्रात पाऊलही नको. पात्रातला बसका भिडे पूल पाण्याखाली जातो, तिथे माणसाचा काय पाड?

सगळ्यात आधी ठरवायची ती कचरा नेणारी गाडी. हातमोजे, टोप्या, फलक नंतर. भागातल्या आरोग्य कोठीत, म्हणजे महापालिकेच्या सफाई कामगारांच्या चौकीत, जाऊन मुकादमांना भेटा, महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात पत्र द्या आणि गाडी किती वाजता, नेमकी कुठवर येईल ते पक्कं करा. काठावर बांधून ठेवलेली पोती रात्रीत कुत्री फाडतात. तिथेच राहिली तर पुढच्या पुरात सगळं पुन्हा नदीत. गाडीचं नक्की होत नसेल तर सरळ तारीख पुढे ढकला.

पातळ काळ्या पिशव्या घेऊ नका, ओल्या गाळानं तळ सुटतो. खताची किंवा धान्याची विणलेली रिकामी पोती मागून आणा. सोबत फावडी, घमेली, दाताळी, लांब चिमटे आणि दोन-तीन धारदार कोयते. कोयते लागतात ते कापडासाठी. जुन्या साड्या, चादरी गाळात इतक्या रुतलेल्या असतात की ओढल्या तर त्यांच्याबरोबर काठाची मातीही ढासळते. दिसतं तेवढं कापा, उरलेलं राहू द्या. झाडाखाली ठेवलेल्या देवांच्या तसबिरींसाठी वेगळं खोकं हवं. काच, चौकट आणि चित्र सुटं करणारा एखादा शांत माणूस तिथे बसवा. निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीतून काढून वेगळं ठेवा.

प्रत्येकाचं धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असावं. गमबूट आणि रबरी हातमोजे नसतील त्यानं वरच्या बाजूला थांबून पोत्यांची वजनं लिहावीत. पायाला जखम असेल त्यानंही. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) पसरतो, म्हणून पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर नदीत उतरल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगायचं. सुया चिमट्यानंच उचलून जाड, झाकणाच्या बरणीत टाका आणि बरणी मुकादमांच्या हाती वेगळी द्या. गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात कुणीही जायचं नाही. जवळ वापरता येईल असं स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी पाहून ठेवा. ते नसलं की बायका पाणी न पिता उन्हात राबतात.

आता माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं. काठ चकाचक करायचा नाही. लव्हाळे, पाणकणीस, पडलेल्या फांद्या, पालापाचोळा यांना हात लावू नका. मातीच्या उभ्या कडेत भोकं दिसली तर ती खंड्याची किंवा वेड्या राघूची घरं असू शकतात, तिथून दूर राहा. काढायची ती घाणेरी, सुबाभळीची रोपं आणि फुलावर येण्याआधीचं गाजरगवत. जलपर्णी ओढली तर पाण्यापासून लांब नेऊन वाळवा. काठावर टाकलेली पहिल्या पाण्यात पुन्हा वाढते. सांडपाणी नदीत येत राहील तोवर ती येतच राहणार, हे नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगा, म्हणजे ती खचणार नाहीत आणि सांडपाण्याबद्दल प्रश्नही विचारतील.

झाडं लावायची असतील तर जूनचा पहिला पाऊस गाठा. पाण्यालगतच्या खडकाळ जागी शेरणी, कारण ती पुरात टिकते. ओलसर काठाला वाळुंज, वरच्या अंगाला करंज, जांभूळ, उंबर. गुलमोहर नको. खड्डे खणण्याआधी पुढच्या उन्हाळ्यात दर आठवड्याला पाणी कोण घालणार त्यांची नावं वहीत लिहून घ्या, आणि जेवढी नावं मिळतील तेवढ्यांना झेपतील इतकीच रोपं आणा.