शिकण्याची स्टाइल बघा, पण पोरांवर शिक्का मारू नका

"हा व्हिज्युअल (बघून शिकणारा), ती ऑडिटरी (ऐकून शिकणारी)" अशी वाटणी केली आणि ज्याला त्याला त्याच्याच पद्धतीने शिकवलं की पोरं आपोआप डोकं लावायला लागतील, असं मीपण बरीच वर्षं धरून चाललो होतो. पण २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन तपासलं तर असं स्टाइल जुळवून शिकवण्याला पुरेसा पुरावा सापडलाच नाही. आवडीनिवडी असतात हो, त्या खऱ्याच, फक्त सुरुवात आवडीच्या बाजूने करायची आणि मग मुद्दाम बाजू बदलायला लावायची.

म्हणजे कसं, फळ्यावर एक दावा लिहा: "एका रोपाला रोज गाणी ऐकवली, दुसऱ्याला नाही, पहिलं जास्त वाढलं, म्हणजे गाण्याने झाडं वाढतात." पाच मिनिटं ज्याला चित्र काढायचंय त्याने चित्र, ज्याला बोलायचंय त्याने शेजारच्याशी बोलायचं, मग उलट, बोलणाऱ्यांनी चित्र काढायचं आणि चित्रवाल्यांनी दोन वाक्यं लिहायची. माझ्या वर्गातली बडबडी गँग आधी एकमेकांना पटवून मोकळी झाली होती, पण चित्र काढताना कुंडी कुठेतरी ठेवावीच लागते ना, एकीने पहिली खिडकीत काढली, दुसरी कपाटाजवळ, आणि पेन्सिल थांबली. "सर, दोन्ही एकाच जागी होत्या का?" बस, इथून खरा तास सुरू झाला, मग पाणी, माती, दोनच रोपं का, सगळं निघालं.

शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्बने १९८४ मध्ये मांडलेलं शिकण्याचं चक्र इथे कामाला येतं: अनुभव, त्यावर विचार, त्यातून नियम, मग तो नियम करून बघणं. धडाधड करून बघणारी पोरं दुसरी पायरी गाळतात, त्यांच्याकडून आधीच लिहून घ्या, "काय दिसलं तर मी चुकलो असं मानेन?" नुसता विचार करत बसणाऱ्यांना वेळ लावून द्या, नाहीतर ती वहीतून वर येत नाहीत.

मार्क उत्तराला वेगळे, कारणाला वेगळे द्या, आणि "समजलं का" विचारूच नका, सगळे हो म्हणतात.

हे रोज नाही जमत, पोर्शन मागे पडतो. मी आठवड्यातून एकदा घेतो आणि दावा शक्यतो पुस्तकाबाहेरचाच, कारण पुस्तकात छापलेल्यावर शंका घ्यायला पोरं घाबरतात.