उजनीवर गळ टाकताय? या चुका टाळा

पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर गेलं की उजनी धरणाच्या काठावरचं भिगवण येतं. तिथे चिलापी खायला थांबणाऱ्यांपैकी काही जण पुढच्या खेपेला काठी आणि रीळ घेऊन येतात. दिवसभर उन्हात बसतात, रिकाम्या हाताने उठतात आणि खापर ठरल्याप्रमाणे आमिषावर फोडतात. मग पुढच्या वेळी महागडं पीठ, वेगळा वास, नवा गळ. माझं मत स्पष्ट आहे: उजनीवर बहुतेकांची चूक आमिषात नसते, ते पाणीच बघत नाहीत.

सुमारे ११७ टीएमसीचं हे धरण चांगला पाऊस झाला तर पावसाळ्याअखेर काठोकाठ भरतं आणि उन्हाळ्यात बऱ्याचदा मृतसाठ्यातही खाली जातं. काठ कुठल्या कुठे सरकतो. पळसदेवचं बुडालेलं मंदिर उघडं पडतं ते याचमुळे. तेव्हा ऑक्टोबरात ज्या जागी मासा लागला, तीच जागा मेमध्ये शोधत बसण्यात अर्थ नाही.

पोचल्यावर पहिलं काम एकच. पाण्याच्या कडेला एक काडी रोवा आणि तासाभराने बघा. त्याहून सोपं म्हणजे तिथल्या मच्छीमाराला विचारा, "मामा, पाणी चढतंय का उतरतंय?" तो दौंडचा विसर्ग तोंडपाठ सांगेल, कारण वरची धरणं सुटली की पाणी दौंडवरूनच इकडे येतं. पाणी चढत असेल तर नुकत्याच बुडालेल्या गवतात किडे आणि गांडुळं असतात, मासा त्यांच्यामागे काठाला येतो. नवखे नेमके तेव्हाच जोर लावून लांब फेकतात, म्हणजे मासा पायाशी आणि गळ पन्नास मीटरवर. पाणी उतरत असेल तर उलट. मासा उथळ भाग सोडून जुन्या ओढ्याच्या आणि नदीच्या खोल पात्राकडे सरकतो. तेव्हा लांब फेकणं कामाचं.

दुसरी चूक खोलीची. फ्लोट (दोऱ्यावरचा तरंगणारा बोंडका) अंदाजाने लावला की आमिष एकतर गाळात रुततं नाहीतर अधांतरी लोंबतं. आधी थांग घ्या. फ्लोट बुडवेल एवढं जड शिसं गळाला अडकवून टाका. फ्लोट बुडाला तर खोली जास्त आहे, त्याला वर सरकवा. आडवा पडला तर दोरा जास्त झाला. नुसतं टोक वर राहिलं की तळ सापडला. पुढे कुठला मासा हवा त्यावर ठरतं. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला उघडतं, तो वरच्या थरात खातो. रोहू मधे फिरतो. मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळ उकरतात. तळावर आमिष ठेवून कटल्याची वाट बघणारे मी बरेच पाहिलेत. चिवट असतात बिचारे.

चिलापीसाठी मोठा गळ ही तर नेहमीचीच गोष्ट. तिचं तोंड लहान, ती गांडूळ कुरतडून नेते आणि तुम्हाला रिकामा गळ मिळतो. दहा किंवा बारा नंबरचा गळ घ्या (नंबर वाढला की गळ लहान होतो) आणि गांडुळाचा छोटासाच तुकडा लावा. फ्लोट टुकटुक हलला की लगेच झटका देऊ नका. तो तिरका पाण्यात जाईल तेव्हा द्या. मृगळ, सायप्रिनस मात्र तळावरून आमिष उचलतात, त्यामुळे फ्लोट बुडण्याऐवजी वर येऊन आडवा होतो. तोही झटक्याचाच क्षण.

कणकेचा गोळा फेकताना सुटत असेल तर तो सैल आहे. दोन तास तसाच राहत असेल तर फार घट्ट. घरीच ग्लासभर पाण्यात टाकून बघा, दहा-पंधरा मिनिटांत कडेने विरघळायला हवा. शेंगदाण्याची पेंड थोडी घातली की पुरे. अत्तराच्या बाटल्या ओतायची गरज नाही.

मासा लागून सुटला तर कपाळाला हात लावण्याआधी तुटलेल्या दोऱ्याचं टोक बघा. टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं असेल तर दोरा तुटलेलाच नाही, गाठ सरकली. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली केली असती तर टिकली असती. टोक खरबरीत, तंतू सुटलेलं असेल तर तो कशावर तरी घासला. उजनीच्या पोटात बुडालेल्या बाभळी आहेत, विहिरी आहेत, घरांच्या भिंती आहेत. जागा बदला किंवा दर दोन-तीन माशांनंतर दोऱ्याचा शेवटचा हातभर भाग कापून टाका. टोक बारीक, ताणलेलं दिसत असेल तर रीळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरा सोडणारा ब्रेक, फार आवळला होता. सामान तोलायचा काटा दोऱ्याला लावून ओढा. सात किलोच्या ताणाला तुटणारा दोरा असेल तर रीळ दोन किलोच्या आसपास सुटायला हवं.

आणखी एक तक्रार ऐकू येते, "मासा वर दिसतोय, पण खात नाही." उजनीत पुण्याकडचं सांडपाणी येतं, पाणी हिरवं असतं. ते शेवाळ रात्रभर प्राणवायू वापरतं, त्यामुळे ढगाळ, कोंदट पहाटे पाण्यात तो फारच कमी उरतो. मासा तोंड वर काढून आ वासतोय म्हणजे तो गुदमरतोय. त्याला भूक नाही. ऊन चढेपर्यंत चहा प्या, किंवा वारा ज्या काठावर आपटतोय तिकडे जा.

आता काठाबद्दल. उतरत्या पाण्याने उघडा पडलेला गाळ वरून वाळून भेगाळतो, खाली मात्र मांडीभर चिखल असतो. काठीने टोचून मगच पाय टाका. शेतकऱ्यांच्या मोटारींच्या वायरी पाण्यालगत पसरलेल्या असतात आणि कार्बनच्या काठीतून वीज वाहते. मोटारीपासून लांब बसा, डोक्यावर तारा असतील तिथे काठी उगारू नका. मे महिन्यात आभाळ काळवंडलं की होडीत चढू नका. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडून गेले.

पाण्यावर थर्मोकोल किंवा प्लास्टिकच्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या तर खाली जाळं आहे. त्यावरून गळ टाकू नका. अडकलाच तर आपला दोरा तोडा, जाळं कापायचं नाही, त्यावर कुणाचं तरी घर चालतं. इथली मासेमारी परवान्यावर चालते, तेव्हा गळ टाकण्याआधी परवानगीचं विचारून घ्या.

शिंगटा हातात घेताना फडकं वापरा. त्याचा काटा लागलाच तर जखम धुऊन सोसेल एवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, कळ कमी होते. सूज वाढली तर दवाखाना गाठा. सकर मासा लागला तर परत पाण्यात सोडू नका, तो इथला नाही. पावसाळ्यात काठच्या वनस्पतीजवळ लालसर पिलांचा घोळका वर-खाली करताना दिसला तर ती मरळीची पिलं आहेत आणि आई-बाप बरोबर खाली राखण करताहेत. तिथे बेडकाचं किंवा चमच्यासारखं चकाकणारं नकली आमिष फिरवलं की मरळ चवताळून धरते, त्यामुळे हा मासा मिळवणं सोपं असतं. पण ती गेली की घोळका चिलापीच्या पोटात जातो. तेवढी जागा सोडून पुढे सरका.