शब्द नसलेलं रॉक अँड रोल: जुन्या हिट ट्यून्स गिटारवर कशा बसवायच्या

गिटार शिकणाऱ्या बऱ्याच जणांचं एकाच जागी अडतं. कॉर्ड्स येतात, स्ट्रमिंग येतं, पण कोणी म्हटलं "काहीतरी वाजव ना" आणि गाणारं कोणी सोबत नसेल तर वाजवायला काहीच नसतं. अशा सगळ्यांना माझं एकच सांगणं आहे, १९५६ ते १९६३ मधल्या रॉक अँड रोल इन्स्ट्रुमेंटल्स बसवायला घ्या. दोन-अडीच मिनिटांच्या ट्यून्स, सूर मोजके, वेग बहुतेक ठिकाणी बेताचा, आणि मेलडी इतकी पक्की की शब्द हवेत असं वाटतच नाही. गिटारने गाणं कसं म्हणायचं हे मला तरी यांच्याइतकं चांगलं कुठल्याच एक्सरसाइजमध्ये सापडलेलं नाही.

पहिली गोष्ट, टॅब (कुठली तार, कुठला फ्रेट हे आकड्यांत लिहिलेला कागद) शोधू नका, निदान सुरुवातीला तरी नको. ट्यून दोन-तीन दिवस नुसती ऐका आणि मग रेकॉर्ड बंद करून गुणगुणून बघा. जिथे गुणगुणताना अडखळता तिथेच बोटंही अडखळणार हे नक्की. नीट गुणगुणता आली की एकाच तारेवर शोधायची, हो एकाच, कारण एका तारेवर वर-खाली गेलं की कुठला सूर किती लांब आहे हे डोळ्याला पण दिसतं आणि कानाला पण कळतं. मग ती सोयीच्या दोन-तीन तारांवर वाटून घ्यायची. आणि एक सांगून ठेवतो, टेपवरच्या या जुन्या रेकॉर्ड्स कधीकधी आजच्या ट्यूनरशी तंतोतंत जुळत नाहीत, थोड्या वर नाहीतर खाली असतात. तुमचं काही चुकत नाहीये, गिटार रेकॉर्डला लावून घ्या आणि पुढे चला.

आता आवाजाबद्दल, कारण या ट्यून्समध्ये निम्मं काम आवाज करतो. ड्वेन एडीचं १९५८ चं 'रेबल राउझर' ऐका. अख्खी मेलडी जाड तारांवर, पिक ब्रिजच्या जवळ, त्यामुळे तो टणत्कार येतो ज्याला सगळे ट्वँग म्हणतात. आणि त्यामागचा तो घुमणारा मोठा आवाज? तो फीनिक्समधल्या स्टुडिओच्या बाहेर ठेवलेल्या पाण्याच्या टाकीचा. निर्माता ली हेझलवूडने दोन हजार गॅलनची रिकामी टाकी आणली, तिच्या एका टोकाला स्पीकर ठेवला, दुसऱ्या टोकाला माइक, आणि गिटारचा आवाज त्यातून फिरवून परत टेपवर घेतला. टाकीवर पक्षी येऊन बसले की आधी त्यांना हुसकावायला लागायचं, मग टेक. आपल्याला टाकी लागत नाही, अँपवर स्प्रिंग रिव्हर्ब (आवाज घुमवणारी सोय) असेल तर तो वाढवा, डिले पेडल (आवाज थोड्या वेळाने परत ऐकवणारं) असेल तर शंभर-सव्वाशे मिलिसेकंदांवर एकच रिपीट ठेवा आणि तो मूळ आवाजापेक्षा हळू ठेवा. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाटका करणारी सोय, बंद. तारा जरा जाड लावल्या तर फारच उत्तम, पातळ तारांवर तो भरदार सूर येतच नाही. सवय नसली तर पहिले काही दिवस बोटं दुखतील, पण लावाच.

सुरुवात मी नेहमी लिंक रेच्या 'रंबल'ने करायला सांगतो. तेही १९५८ चंच. डी, डी, आणि मग ई, ही त्याची सुरुवात, आणि हे तीन कॉर्ड ऐकून आजही अंगावर काटा येतो. नावामुळे आणि त्या धमकावणाऱ्या आवाजामुळे पोरं मारामाऱ्या करतील या भीतीने काही रेडिओ स्टेशन्सनी ते वाजवणंच बंद केलं, एकही शब्द नसलेली रेकॉर्ड! आवाज फाटका यावा म्हणून लिंक रेने अँपच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली होती (तुम्ही पाडू नका, गेन जरा चढवला की काम होतं, या एका ट्यूनला तेवढी सूट). वाजवताना लक्ष ठेवायचं ते कॉर्डनंतरच्या जागेवर. ई मारला की हात थांबवा, तारा गुंजू द्या, पुढचा डी यायची वेळ होईपर्यंत काहीही करू नका. नवीन वाजवणाऱ्याला ती रिकामी जागा सहन होत नाही आणि तो मधेच काहीतरी घुसडतो, तिथेच ट्यून मरते. पुढे ए येतो, मग बी सेव्हन, आणि मग ई मायनर पेंटॅटॉनिक या पाच सुरांच्या स्केलमधून खाली घसरत येणारी छोटी ओळ. अँपला ट्रेमोलो (आवाज कमी-जास्त करत थरथरवणारी सोय) असेल तर शेवटाकडे तो वाढवत न्या, मूळ रेकॉर्डवर तसंच आहे.

त्यानंतर बिल जस्टिसचं 'रॉन्ची', १९५७. रेकॉर्डवर सॅक्सोफोन आहे, पण त्याचा मुख्य रिफ (परत परत येणारी छोटी ओळ) गिटारच्या जाड तारांवर मस्त बसतो आणि तो हाताला लागला की पोरगा गिटारिस्ट झाला असं तेव्हा मानायचे. पुढे बीटल्सचा गिटारिस्ट झालेला जॉर्ज हॅरिसन हाच रिफ वाजवून दाखवून जॉन लेननच्या बँडमध्ये शिरला, १९५८ मध्ये, लिव्हरपूलच्या बसच्या वरच्या मजल्यावर. शफलचा, म्हणजे लांब-आखूड लांब-आखूड अशा तालाचा, झोका पक्का करायचा असेल तर सोबत बिल डॉगेटचं 'हॉन्की टॉन्क' घ्या, १९५६ चं, साधं बारा बारचं (बारा मापांचं आवर्तन असलेलं) ब्लूज आहे, पहिल्या भागात बिली बटलरची गिटार इतकी निवांत वाजते की घाई म्हणजे काय हेच त्याला माहीत नसावं.

आता खरा अभ्यास, 'वॉक, डोन्ट रन'. मूळ रचना जॅझ गिटारिस्ट जॉनी स्मिथची, १९५४ ची. चेट अ‍ॅटकिन्सने ती वाजवली, ती ऐकून टकोमाच्या व्हेंचर्सनी आपल्या पद्धतीने सोपी आणि दणदणीत केली आणि १९६० मध्ये ती अमेरिकेच्या हिट गाण्यांच्या यादीत दुसऱ्या नंबरपर्यंत गेली. कॉर्ड्स ए मायनर, जी, एफ, ई अशा पायऱ्या उतरत येतात. इथे करायचं काय, तर आधी हीच र्‍हिदम फोनवर दोन-तीन मिनिटं रेकॉर्ड करायची, मेट्रोनोम लावून, कंटाळा न करता. मग तिच्यावर मेलडी वाजवायची. र्‍हिदम डगमगली तर मेलडी कितीही छान वाजवा, सगळं कोसळतं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचंच रेकॉर्डिंग ऐकलं की कुठे पळालो ते लगेच समजतं. व्हेंचर्समध्ये डॉन विल्सन फक्त र्‍हिदम वाजवायचा आणि माझ्या मते त्या बँडची अर्धी ताकद त्याच्या उजव्या हातात होती. त्याच्याकडे लक्ष देऊन ऐका, लोक लीडच ऐकत बसतात.

'अपॅची' याच्या पुढची पायरी. जेरी लॉर्डनची रचना, शॅडोजने १९६० मध्ये ब्रिटनमध्ये नंबर एकला नेली. हँक मार्व्हिनची स्ट्रॅटोकॅस्टर, इको मशीन, आणि ढोलासारखा जो आवाज येतो तो चायनीज ड्रम गायक क्लिफ रिचर्डने वाजवलाय. अमेरिकेत मात्र डॅनिश गिटारिस्ट यॉर्गन इंगमनचं व्हर्जन चाललं, १९६१ मध्ये दुसऱ्या नंबरपर्यंत. दोन्ही एकामागोमाग ऐका, ट्यून तीच पण हात किती वेगळे. मार्व्हिन प्रत्येक ओळीच्या शेवटचा सूर धरून ठेवतो, ट्रेमोलो आर्मने (ब्रिजला लावलेल्या दांडीने) त्याला हलकीशी थरथर देतो आणि इकोला बोलू देतो. आर्म नसेल तर बोटाने व्हायब्रॅटो द्या, पण सूर लागल्या लागल्या नको, आधी सरळ लागू दे, मग हलवा. गाणारे चांगले गायक असंच करतात.

'स्लीप वॉक' वाजवायचं तर स्लाइड, म्हणजे बोटात घालून तारांवर सरकवायची नळी, लागेल. ब्रुकलिनच्या सँटो आणि जॉनी फरीना या भावांची ट्यून, १९५९ मध्ये नंबर एकला होती, सँटोने ती स्टील गिटारवर वाजवली. कॉर्ड्स सी, ए मायनर, एफ मायनर, जी, आणि जीव सगळा त्या एफ मायनरमध्ये आहे, तिथे चुकून साधा एफ मेजर धरलात की सगळं सपक होतं. प्रत्येक ठोक्याचे तीन तुकडे, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असं मनात चालू ठेवायचं. स्लाइड फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या बरोब्बर वर हवी, मागे राहिली की सूर उतरलेला लागतो. दाबायची नाही, नुसती टेकवायची, आणि स्लाइडच्या मागची बोटं तारांवर हलकेच पडू द्यायची म्हणजे मागून येणारी खरखर बंद होते.

सगळ्यात शेवटी 'मिसिरलू', डिक डेल, १९६२. पूर्व भूमध्य भागातली जुनी ट्यून, डिक डेलचे वडील लेबनीज, त्यामुळे हे सूर त्याच्या घरातलेच. पहिली मेलडी सगळीच्या सगळी सर्वात जाड ई तारेवर. सूर ई, एफ, जी शार्प, ए, बी, सी, डी शार्प, म्हणजे त्या तारेवर मोकळी तार, मग पहिला, चौथा, पाचवा, सातवा, आठवा आणि अकरावा फ्रेट. ई ला षड्ज धरलात तर हे सरळ भैरवाचे स्वर आहेत, कोमल रिषभ, कोमल धैवत, बाकी शुद्ध, त्यामुळे ज्यांच्या कानात भैरव आहे त्यांना हे पटकन सापडतं. अवघड आहे तो उजवा हात. एका ठोक्यात चार स्ट्रोक, खाली-वर खाली-वर, न थांबता. मेट्रोनोम ८० वर ठेवा, नुसत्या मोकळ्या तारेवर एक मिनिट वाजवा, हात सैल राहिला तरच पाचने वाढवा. कोपर ताठ झालं, खांदा वर आला की लगेच थांबा आणि परत खाली या. पिकचं टोक अगदी थोडं बाहेर ठेवा, जास्त बाहेर असलं की ते तारेत अडकतं आणि वेग तिथेच संपतो.

कोणी कीबोर्डवाला मित्र असेल तर 'ग्रीन अनियन्स' सोडू नका. बुकर टी जोन्स १७ वर्षांचा होता १९६२ मध्ये मेम्फिसच्या स्टॅक्स या स्टुडिओत ते वाजवताना, आणि आधी ते बी साइडला, म्हणजे रेकॉर्डच्या मागच्या दुय्यम बाजूला, टाकलेलं. ऑर्गन सतत चालू, आणि स्टीव्ह क्रॉपरची गिटार मधेच एक फटका मारते आणि गप्प बसते. गिटारवाल्याने इथे गप्प बसायचं शिकायचं. आणि ड्रमर मिळाला तर 'टकीला' कराच, १९५८ ची नंबर एक, त्यात शब्द एकच, तोही तीनदा, ओरडायचं काम ठरवून एकालाच द्या नाहीतर प्रत्येक जण वेगवेगळ्या वेळी ओरडतो.

चार जण मिळून वाजवणार असाल तर शेवट आधी ठरवून ठेवा. यातल्या काही रेकॉर्ड्स हळूहळू विरत जातात, आणि समोर माणसं बसलेली असताना ते जमत नाही. 'वॉक, डोन्ट रन'ला शेवटची उतरंड जरा संथ करून ए मायनरवर सगळ्यांनी एकदम थांबायचं, डोळे ड्रमरवर ठेवायचे, आणि तार हाताने बंद करायची नाही, तिची तिची वाजू द्यायची.