नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा: विषयपत्रिका कशी वाचायची, सभेला कसं बसायचं आणि नंतर कागद कसे मिळवायचे

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या, गुलाल उधळून झाला, अभिनंदनाचे फ्लेक्स पण आता फाटायला लागलेत, आणि मुद्द्याची गोष्ट म्हणजे सभा परत सुरू झाल्यात. मधली काही वर्षं बहुतेक गावांत प्रशासक होते, म्हणजे एकच अधिकारी विषय ठेवणार आणि तोच मंजूर करणार, बाहेर कुणाला पत्ता नाही. आता निदान वीस-पंचवीस माणसं समोरासमोर बसतात आणि आपल्याला मागे बसून ते बघता येतं. हो, बघता येतं, कारण १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात सभा जनतेला खुली ठेवायची असं म्हटलंय, एखादा विषय बंद दाराआड घ्यायचा असेल तर तसा ठराव सभागृहाने करावा लागतो. दारावरचा शिपाई "पास आहे का" विचारेल, तेव्हा शांतपणे सांगायचं की प्रेक्षक म्हणून बसायचंय, आणि तरी अडवलं तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने दोन ओळींचा अर्ज आवक-जावकला टाकायचा. बहुतेक वेळा अर्ज लिहायला घेतला की खुर्ची मिळते.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ही ग्रामसभा नाही. ग्रामसभेत कुणीही उठून "सरपंच, आमच्या गल्लीतला नळ" असं सुरू करू शकतो, इथे बोलायचा हक्क फक्त सदस्यांना. तुम्ही मधेच उठून बोललात तर पीठासीन अधिकारी, म्हणजे सभेच्या अध्यक्षस्थानी बसलेली व्यक्ती, तुम्हाला बाहेर काढू शकतात आणि ते कायद्यातच आहे. म्हणून जे काय करायचंय ते सभेच्या आधी आणि सभेच्या नंतर. सभेतला एक-दीड तास फक्त बघायचा आणि लिहून घ्यायचा.

कोण कोण बसतं ते पटकन. अध्यक्षस्थानी नगराध्यक्ष, जे सध्या थेट जनतेतून निवडून येतात. मग उपनगराध्यक्ष, प्रभागांतून निवडून आलेले नगरसेवक, आणि स्वीकृत सदस्य, ज्यांना बोलता येतं पण मत देता येत नाही. बाजूला मुख्याधिकारी, त्यांनाही मत नाही पण कायदा काय म्हणतो हे सांगायचं काम त्यांचं. त्यांच्या मागे फायलींचा ढीग घेऊन नगर अभियंता, लेखापाल, पाणीपुरवठ्याचे, आरोग्याचे लोक. आणि सभा लिपिक. या माणसाशी ओळख करून घ्या, मनापासून सांगतो. नगराध्यक्षांसोबत सेल्फी काढण्यापेक्षा सभा लिपिकाला "काय भाऊ, पुढची नोटीस कधी निघतेय" एवढं विचारता येणं जास्त उपयोगाचं.

सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा तरी व्हायला लागते. मधे अडलेलं काही असेल किंवा ठरावीक संख्येने नगरसेवकांनी लेखी मागणी केली तर विशेष सभा. सर्वसाधारणला पूर्ण ७ दिवसांची नोटीस, विशेषला ३ दिवसांची, आणि हे "पूर्ण" म्हणजे नोटीस काढल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून. नोटिशीसोबत विषयपत्रिका असते. ती कार्यालयाच्या नोटीस बोर्डावर लागते, त्या बोर्डावर मागच्या वर्षीच्या नोटिशीसुद्धा चिकटलेल्या असतात तेव्हा तारीख बघून वाचा. नाहीतर सरळ आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला मेसेज करा की दादा किंवा ताई, विषयपत्रिकेची पीडीएफ टाका. नवीन निवडून आलेले लोक उत्साहात असतात, लगेच टाकतात. हे सात दिवस म्हणजे तुमच्या हातातला खरा वेळ, सभेच्या दिवशी गेलात तर निम्मं काम आधीच होऊन गेलेलं असतं कारण मोठे विषय आदल्या रात्री पार्टी मीटिंगमध्ये ठरून येतात.

आता विषयपत्रिका वाचायची कशी. भाषा अशी असते की झोप यावी, आणि मला तर कधीकधी वाटतं ती मुद्दाम तशी ठेवलेली असते.

पहिला विषय जवळपास नेहमी "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे". लोक याला औपचारिकता समजून सोडून देतात आणि नगरसेवकही तेव्हा चहाची वाट बघत असतात. पण मागच्या सभेत तोंडी जे बोललं गेलं ते कागदावर काय म्हणून उतरलंय हे इथे पक्कं होतं. "चर्चा होऊन पुढील सभेत ठेवावे" असं ठरलं होतं आणि इतिवृत्तात "सर्वानुमते मंजूर" आलं असेल तर हरकत घ्यायची जागा हीच, नंतर कितीही आरडाओरडा करा, कागद कायम झालेला असतो. तुम्ही मागच्या सभेला बसून लिहून घेतलं असेल तर तुमची वही इथे कामाला येते, नगरसेवकाला दाखवा, उठून बोलायचं काम त्यांचं.

"कार्योत्तर मंजुरी" शब्द दिसला की पेन्सिलीने गोल करा. याचा अर्थ काम झालंय किंवा खर्च झालाय, आता मंजुरी मागतायत. यात दरवेळी घोटाळा असतो असं नाही, उन्हाळ्यात जॅकवेलची मोटार जळाली तर कुणी सभेची वाट बघत बसणार नाही, गावाला पाणी द्यावंच लागतं. पण स्वागत कमानीच्या रोषणाईला कसली आली तातडी? तेव्हा प्रश्न एकच, काम कधी झालं आणि सभेपुढे यायला एवढा वेळ का लागला.

मग येतात "विविध" वाले विषय. "शहरातील विविध ठिकाणी आवश्यकतेनुसार रस्ते व गटार दुरुस्ती कामी प्राप्त दरांस मान्यता देणेबाबत." या एका वाक्यात गल्ली कुठली ते नाही, लांबी नाही, रक्कम नाही, ठेकेदार नाही. हे सगळं असतं कार्यालयीन टिपणीत, म्हणजे प्रत्येक विषयाला जोडलेल्या पानांत. विषयपत्रिका मिळवली आणि टिपणी मिळवली नाही तर लग्नपत्रिका वाचून जेवणाचा मेनू ओळखण्यासारखं आहे. नगरसेवकाकडून टिपणी मागा. त्यात कामाची यादी, अंदाजपत्रकीय रक्कम, तांत्रिक मंजुरी झाली का, पैसा कुठल्या हेडखाली (वित्त आयोग, नगरोत्थान, वस्ती सुधार की नगरपरिषद स्वनिधी) आणि टेंडर अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के बिलो (कमी) किंवा अबव (जास्त) आलंय हे बघायचं. एकाच रस्त्याचे शेजारीशेजारी तीन-चार तुकडे करून वेगवेगळी कामं दाखवलेली दिसली तर विचारायला लावा की एकत्र टेंडर का नाही काढलं. ई-निविदेची मर्यादा चुकवायची ही जुनी वाट आहे, सगळ्यांना माहीत असते आणि तरी चालते. आणि फार बिलो गेलेलं काम बघून "पैसे वाचले" म्हणून टाळ्या वाजवू नका, तो रस्ता पावसाळ्यानंतर जाऊन बघा.

सगळ्यात जास्त लक्ष जिथे द्यायचं ते विषय मात्र दिसायला अगदी किरकोळ असतात. उदाहरणार्थ "मंजूर विकास योजनेतील आरक्षण क्र. अमुक, बगीचा, बाबत म.प्रा.व न.र. अधिनियम १९६६ चे कलम १२७ अन्वये प्राप्त सूचनेवर विचारविनिमय करून निर्णय घेणे." (म.प्रा.व न.र. म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना.) वाचून कुणालाच काही वाटत नाही. प्रत्यक्षात काय असतं तर डीपीमध्ये, म्हणजे शहराच्या विकास योजनेत, एका जागेवर बगीच्याचं, शाळेचं किंवा खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे, डीपी अंतिम होऊन १० वर्षं झाली तरी नगरपरिषदेने जागा घेतली नाही, म्हणून मालकाने नोटीस दिलीय. नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत, म्हणजे उडालं, आणि मालक शेजारच्या जमिनीला जे चालतं ते तिथे बांधू शकतो. आता मालकाला शिव्या देऊन उपयोग नाही, त्याची जमीन इतकी वर्षं अडकून पडलेली असते, विकता येत नाही की बांधता येत नाही, त्याची बाजू खरीच असते. प्रश्न नगरपरिषदेला विचारायचा. ठरावात "निधी उपलब्ध नसल्याने भूसंपादन करणे शक्य नाही" एवढंच लिहून सोडून देतायत का? मालकापुढे टीडीआरचा (जमिनीच्या बदल्यात पैशांऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकाम हक्क) पर्याय ठेवला का? भूसंपादनाचा प्रस्ताव कलेक्टर ऑफिसला गेला का आणि कुठल्या तारखेला? नोटीस आली कधी आणि सभेपुढे ठेवली कधी, यात वर्षभराचं अंतर असेल तर २४ पैकी अर्धे महिने फाईलमध्येच संपलेत. एका ठरावात गावातलं शेवटचं मोकळं मैदान जातं आणि बाहेर बातमी येते ती सभेत कोण कुणाला काय बोललं याची.

त्याचाच भाऊ म्हणजे त्याच १९६६ च्या कायद्यातला कलम ३७ चा फेरबदल, आरक्षण किंवा झोन बदलणे. यात नोटीस काढून हरकती-सूचना मागवाव्या लागतात आणि त्यासाठी एक महिना असतो, तेव्हा ठराव झाला म्हणजे सगळं संपलं असं नाही, जाहिरात पेपरात येईल तिकडे लक्ष ठेवा आणि लेखी हरकत द्या.

घरपट्टीचं पण सांगतो. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, "चतुर्थ वार्षिक कर आकारणी" असं नाव असतं. एजन्सी नेमून घरं मोजायचा विषय सभेत आला तेव्हा कुणी लक्ष देत नाही आणि मग वाढीव बिलाची नोटीस घरी आली की मोर्चा. हरकतीची मुदत नोटिशीवरच छापलेली असते, ती जाऊ देऊ नका, मोर्चात गेलेल्या माणसाची हरकत कागदावर नसेल तर सुनावणीला त्याला बोलावणार कसे.

नामकरण, अभिनंदन, श्रद्धांजली, प्रवेशद्वाराला कुणाचं नाव, या विषयांवर चर्चा सगळ्यात लांब चालते. तेवढ्यात चहा पिऊन या.

शेवटी "मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय". इथे मात्र जागेवरून उठू नका. हे विषय नोटिशीत नाहीत, टिपणी कुणी वाचलेली नाही, सगळ्यांना भूक लागलेली असते, आणि नेमकं तेव्हा लिपिक भराभर वाचतो आणि समोरून "मंजूर, मंजूर" येतं. खरी तातडी असेल तर ठीक. पण जागा भाड्याने देणे, मुदतवाढ, ठेकेदाराची डिपॉझिट परत करणे असलं काही इथे आलं तर ते साध्या यादीत का नव्हतं हा प्रश्न राहतोच.

बरं, मग सात दिवसांत करायचं काय. सगळी विषयपत्रिका अंगावर घेऊ नका, एक किंवा दोन विषय पकडा. एका पानाचं पत्र लिहा, विषय क्रमांक टाका, म्हणणं चार-पाच वाक्यांत, मागणी नेमकी (म्हणजे "चौकशी करावी" असलं मोघम नको, "सदर विषय स्थगित ठेवून कामांची ठिकाणनिहाय यादी सभागृहापुढे ठेवावी" असं). नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी दोघांना द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेची पोच घ्या. मग तीच प्रत आपल्या नगरसेवकाला आणि, थोडं राजकारण कळत असेल तर, विरोधी बाकावरच्या एखाद्यालाही. त्यांना बोलायला मुद्दा हवाच असतो, आणि तयार कागद मिळाला की मुद्देसूद बोलतात.

सभेच्या दिवशी वेळेआधी जा कारण प्रेक्षकांच्या खुर्च्या कमी आणि कार्यकर्ते जास्त. मोबाईल सायलेंटवर. व्हिडिओ काढायचा असेल तर आधी परवानगी विचारा, उगाच त्यावरून वाद नको. वहीत प्रत्येक विषयाला चार गोष्टी: विषय क्रमांक, सूचक (ठराव मांडणारा) कोण, अनुमोदक (त्याला पाठिंबा देणारा) कोण, आणि निकाल काय, म्हणजे मंजूर, नामंजूर, दुरुस्तीसह मंजूर की तहकूब. कुणी "माझा विरोध नोंदवा" म्हटलं तर ते नाव लिहा. मतदान झालं तर आकडे लिहा, समसमान झाली तर पीठासीन अधिकाऱ्याचं निर्णायक मत असतं. कधीकधी गोंधळ इतका होतो की काय मंजूर झालं हे सभागृहात बसलेल्यांनाही कळत नाही, राजदंड पळव, कागद फाड, घोषणा, आणि त्या गदारोळात "सर्व विषय मंजूर, राष्ट्रगीत" होऊन जातं. असं झालं तर वेळ लिहून ठेवा, सभा किती वाजता सुरू आणि किती वाजता संपली. पंचवीस विषय आणि बारा मिनिटं, एवढं लिहिलेलं पुरतं.

नंतरचं काम कंटाळवाणं पण महत्त्वाचं तेच. ठरावाची प्रत मागा. साध्या अर्जावर मिळाली तर उत्तम, नाहीतर माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, मजकूर असा ठेवा: "दिनांक अमुकच्या सर्वसाधारण सभेतील विषय क्र. अमुकचा ठराव, त्यासोबतची कार्यालयीन टिपणी आणि सभेचे उपस्थिती पत्रक यांच्या प्रती." प्रतीला पानामागे २ रुपये. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. सगळी फाईल बघायची असेल तर प्रती न मागता अभिलेख पाहणी मागा, पहिल्या तासाला पैसे पडत नाहीत आणि फाईल चाळताना जे दिसतं ते मागितलेल्या चार पानांत दिसत नाही. तुमच्या वहीत आणि ठरावात फरक आहे का ते बघा, "दुरुस्तीसह मंजूर" मधली दुरुस्ती ठरावात आलीय का ते खास करून बघा, ती गळते.

ठराव बेकायदेशीर आहे किंवा लोकांना अपाय होईल असा आहे असं खरंच वाटत असेल तर नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांना त्याची अंमलबजावणी थांबवता येते. अर्ज नगरपालिका प्रशासन शाखेत द्यायचा. नुसता संताप लिहून काही होत नाही, ठरावाची प्रत जोडा, टिपणी जोडा, कुठला नियम मोडला तो एका वाक्यात सांगा, आणि अंमलबजावणी व्हायच्या आत द्या, कारण वर्कऑर्डर निघून जेसीबी उभा राहिला की स्थगितीला अर्थ उरत नाही. विरोधी नगरसेवक हे कलम सारखं वापरतात, त्यामुळे त्या शाखेत असे अर्ज पडूनच असतात, पंधरा दिवसांनी जाऊन फाईल कुणाच्या टेबलावर आहे ते विचारा.

आणि फेब्रुवारीत अर्थसंकल्पाची विशेष सभा लागते, तिला ३ दिवसांचीच नोटीस असते. दरवर्षी शिलकीचं बजेट मांडतात. पहिल्या पानावरचा शिलकीचा आकडा सोडा, मागच्या वर्षी वसुली किती धरली होती आणि प्रत्यक्षात किती आली ते दोन रकाने शेजारी ठेवून बघा. ते पुस्तक जाड असतं, सभेच्या दिवशी हातात पडून काही कळत नाही, म्हणून सभा लिपिकाला जानेवारीतच सांगून ठेवा.