स्थळ बघताना नोकरीबद्दल नेमकं काय विचारायचं

बायोडेटात "नोकरी करणारी मुलगी चालेल" असं दिसलं की आपण खूश होतो, पण सगळी गोम त्या 'चालेल'मध्येच आहे. आजकाल पोह्यांची प्लेट हातात घेऊन नोकरी नको म्हणणारा मुलगा शोधून सापडत नाही, मी आठ-नऊ स्थळं बघितली, सगळ्यांचा फुल सपोर्ट होता. म्हणून मत विचारूच नका, मतं काय सगळ्यांची चांगलीच असतात, तास विचारा.

सुरुवात कालच्या रात्रीपासून करा. काल भांडी कोणी घासली, डबा कोण भरतं, सिलेंडर संपला की नंबर कोण लावतं. सरकारचा 2024 चा वेळेच्या वापराचा सर्व्हे आहे, त्यात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 289 मिनिटं त्यात जातात आणि पुरुषांची 88, तेही जे पुरुष घरकाम करतात फक्त त्यांची, बाकीचे तर हिशोबातच नाहीत. आणि हो, फ्लॅटवर काय करतोस आणि गावी आईकडे गेल्यावर काय करतोस हे वेगवेगळं विचारा, पुण्यात रोज कुकर लावणारी पोरं घरी गेली की पाण्याचा तांब्यासुद्धा जागेवर मागतात.

मग बदली. "माझी बदली गडचिरोलीला झाली तर?" यावर "तेव्हाचं तेव्हा बघू" आलं तर ते नाहीच समजा. एकाने मात्र लगेच आठवड्यातून किती दिवस घरून काम करता येतं ते मोजून सांगितलं, मला तो तिथेच आवडला (पत्रिका जुळली नाही, असो).

बाळंतपणाचं लाजू नका. 2017 पासून कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा आहे, 50 किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसला पाळणाघराची सोय करावी लागते, हे त्याला माहीत आहे का बघा. खरा प्रश्न त्यानंतरचा, सत्ताविसाव्या आठवड्यात बाळाला ताप आला तर सुट्टी कोण टाकणार?

हे सगळं मोठ्यांसमोर नको, दोघंच चहाला भेटा, आणि उलट प्रश्नाची तयारी ठेवा. मला एकाने विचारलं, मी वर्षभर नोकरी सोडून परीक्षेची तयारी केली तर तुझ्या पगारावर घर चालवशील का. मी दोन मिनिटं गप्प, मग म्हणाले, "चालेल की." अगदी त्या बायोडेटातल्यासारखं.