हरणासाठी हलकी रायफल शोधताय? आधी या चुका टाळा

दिवाळी सरली, चना दोन-चार पानांवर आला की पोट्टे माझ्या ओसरीवर येऊन बसतात. "काकाजी, हरणासाठी हलकीशी रायफल कोणती घ्यावी? काडतूस कोणतं चांगलं?" हातात मोबाइल, मोबाइलात अमेरिकेतला व्हिडिओ. आमच्याकडे आजोबांच्या काळापासून लायसनची बाराबोर, म्हणजे छर्ऱ्याची बंदूक आहे, म्हणून हा प्रश्न माझ्या दारी येतो. त्यांचा राग मला कळतो. रात्रीतून कळप येतो आणि सकाळी चन्याचे शेंडे गायब असतात. पण दर वर्षी त्याच चुका पाहून आता लिहायलाच बसलो.

पहिली चूक त्या प्रश्नातच आहे. व्हिडिओतला माणूस जे सांगतो ते तिकडे खरं आहे. तिकडच्या व्हाइटटेल हरणासाठी .२४३ विंचेस्टरसारखं काडतूस घेतात, कारण ते धक्का कमी देतं आणि तीन किलोच्या आतबाहेरची रायफलही ते पेलते. तिकडे हंगाम ठरलेला, परवाना ठरलेला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. चितळ असो, सांबर असो की काळवीट. नुसतं मारणंच नाही, फासा लावणं, विष घालणं, मारायचा प्रयत्न करणं, हे सगळं कायद्याच्या भाषेत शिकारच. पीक खाणाऱ्या जनावराबाबत वनखात्याचा अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो, पण तो कागद हातात नसताना "माझं वावर, माझं पीक" हे बोलणं कोर्टात चालत नाही. हरीण मारायला रायफल कोणती, याचं विदर्भातलं उत्तर एकच: कोणतीच नाही.

मग घरातल्या जुन्या बंदुकीचं काय? इथे दुसरी चूक होते, आणि ती मला सगळ्यात जास्त छळते. नळीत जे जातं ते चालतं, असं समजून काडतूस भरायचं.

आमची बाराबोर जुनी, दुनाळी, विलायती. एका पावसाळ्यात काडतुसं सर्दावली म्हणून मी नवी आणली. डब्यावर बाराबोर लिहिलेलं, बाकी मी काही वाचलं नाही. मचाणावरून रानडुकरांना हाकलायला एक बार मोकळ्या पडीत टाकला. खांद्यावर असा दणका बसला की मी मागच्या बल्लीवर आपटलो. बंदूक उघडेना. गुडघ्यावर दाबून उघडली, रिकामं काडतूस नखाने ओढून काढावं लागलं. पंधरा दिवस खांदा काळानिळा होता. नागपूरला बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो, त्याने नळीचं खोलगं, म्हणजे काडतूस बसायची जागा, मोजलं आणि माझ्याकडे पाहतच राहिला. बंदूक ६५ मिलिमीटरच्या काडतुसाची, मी भरलं होतं ७० चं.

यातली गोम समजून घ्या. काडतुसावर लिहिलेली लांबी ही उडाल्यानंतरची असते. तोंड दुमडलेलं असतं तोवर ७० चं काडतूस ६५ च्या खोलग्यात आरामात बसतं. बार झाला की ती दुमड पुढे उघडते, पण उघडायला जागाच नसते. छर्रे अरुंद वाटेने निघतात आणि आतला दाब वाढतो. जुन्या नळीला तो दाब झेपेलच असं नाही. माझी नळी फाटली नाही, बिजागरी तेवढी ढिली झाली. तेव्हापासून माझी सवय अशी आहे: पुढचं लाकूड काढून नळीच्या खालच्या अंगाला कोरलेला आकडा वाचायचा. २½ इंच असेल तर ६५, २¾ असेल तर ७०. आकडा झिजला असेल तर मोजून घेतल्याशिवाय एकही काडतूस भरायचं नाही. मोजायला एक दिवस जातो. तो एक दिवस ज्याला जड वाटतो, त्याने बंदुकीला हात लावू नये.

याचाच सख्खा भाऊ म्हणजे बाराबोरमध्ये वीसबोरचं, म्हणजे त्याहून बारीक नळीच्या बंदुकीचं, काडतूस. ते घसरत पुढे जाऊन नळीत अडकतं, माणसाला वाटतं भरलंच नाही, तो मागे दुसरं भरतो आणि नळी हाताजवळ फुटते. वीसबोरचं काडतूस बहुतेक कंपन्या पिवळ्या रंगाचं करतात ते याच भीतीने. दोन बोरची काडतुसं एका पिशवीत ठेवू नका.

हलकी बंदूक हवी हा हट्टही सोडा. बंदूक हलकी झाली की तेच काडतूस खांद्यावर जास्त जोराने आदळतं. दोन बार झाले की नवखा माणूस डोळे मिटून चाप ओढतो, आणि मिटल्या डोळ्यांनी गोळी कुठे गेली ते त्याला कळत नाही. आपलं रान सपाट. चिमुकली .२२ ची गोळीसुद्धा दीड किलोमीटर जाऊ शकते, .३१५ रायफलची त्याहून लांब. त्या वाटेत दुसऱ्याचं मचाण असतं, जागलीला निघालेला माणूस असतो.

चाप ओढला आणि बार झाला नाही, तर लगेच उघडून पाहू नका. नळी मोकळ्या रानाकडे धरून अर्धा मिनिट थांबा.

लायसन वडिलांच्या नावावर आणि जागलीला बंदूक घेऊन मुलगा, हाही गुन्हाच आहे.

आता ज्या चुकीने माणसं मरतात ती. बंदूक मिळत नाही म्हणून काही जण तारेवर आकडा टाकून कुंपणात सरळ करंट सोडतात. मी हे नुसतं ऐकलेलं नाही. एका मार्गशीर्षात पहाटे शेजारच्या धुऱ्यावरून मी बैल पाण्यावर नेत होतो. डावा बैल दोन पावलं पुढे होता. तो एकदम ताठ झाला आणि खाली कोसळला, आवाजसुद्धा काढला नाही. दवात तार दिसली नव्हती. त्या दिवशी बैलाच्या पुढे मी असतो तर हे लिहायला नसतो. तार लावणारा माणूस वाईट नव्हता, त्याची दोन एकर तूर गेली होती आणि त्याला एका रात्रीत इलाज हवा होता. घरगुती २३० व्होल्टचा करंट सलग वाहतो, आखडलेला हात तारेवरून सुटत नाही. त्याऐवजी कुंपणाला लावायचं झटका मशीन हजारो व्होल्टचं असलं तरी झटका सेकंदाला साधारण एकदा आणि क्षणाच्याही लहान भागापुरता देतं, म्हणून जनावर दचकून मागे फिरतं.

मशीन घेतलं तरी लोक दोनच दिवसांत येऊन म्हणतात, "काही उपयोग नाही जी." जाऊन पाहावं तर अर्थिंगला वीतभर सळई, तीही कोरड्या, भेगाळलेल्या काळ्या मातीत. झटका जनावराच्या अंगातून जमिनीत आणि जमिनीतून मशीनकडे परत जायला हवा, कोरडी माती ती वाटच बंद करते. मी तीन लांब सळया तीन-तीन मीटरवर ठोकल्या आहेत आणि उन्हाळ्यात त्यांच्या बुडाशी बादलीभर पाणी घालतो. तारेला टेकलेलं गवत दर आठ दिवसांनी कापतो, नाहीतर करंट तिथेच झिरपून जातो. हरणाच्या अंगावरचे केस करंट अडवतात, ओलं नाक लागलं तरच झटका बसतो. म्हणून एक तार त्याच्या नाकाच्या उंचीवर हवीच. डुकरासाठी वेगळी, जमिनीपासून वीतभर वर.

तरी नुकसान झालंच, तर वावर आवरायच्या आधी फोटो काढा आणि त्याच दिवशी वनरक्षकाकडे अर्ज द्या. चार दिवसांनी नांगर फिरवून झाल्यावर पंचनामा कशाचा करणार?