ऑरगॅनिक केमिस्ट्री घेतलीये? मग आधी हे वाचा

दर सेमिस्टरला इथे परदेशात नवीन आलेली पोरं मला तेच विचारतात, ऑरगॅनिक कशी काढायची, म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

आपली मुलं पाठांतरात वाघ. मीही दोनशे रिॲक्शन्स कार्डांवर लिहून घोकल्या होत्या आणि पहिल्या मिडटर्मला कधीच न पाहिलेला रेणू समोर आला, संपलं. इकडे मेकॅनिझम विचारतात, म्हणजे रिॲक्शनमध्ये इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते बाणांनी दाखवायचं. बाण इलेक्ट्रॉन जिथे आहेत तिथून निघतो. आपल्यातले निम्मे लोक एच प्लसपासून बाण काढतात, अरे त्याच्याकडे इलेक्ट्रॉनच नाहीत तर तो देणार काय, कपाळ? तसंच टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइड आणि हायड्रॉक्साइड दिसलं की लगेच एसएन२ (हायड्रॉक्साइड मागून शिरून ब्रोमाइडची जागा घेतं ती रिॲक्शन) लिहू नका. कार्बनभोवती तीन मिथाइल गर्दी करून बसलेत, मागून शिरायला जागा कुठाय? तिथे ई२ होतं, म्हणजे हायड्रोजन आणि ब्रोमाइड दोन्ही निघून डबल बाँड तयार होतो, आयसोब्युटिलीन मिळतं.

पीकेए (ॲसिड किती तीव्र ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं तीव्र) चारच लक्षात ठेवा, बाकी अंदाजाने जमतं: कार्बोक्झिलिक ॲसिड ५, फिनॉल १०, अल्कोहोल १६, टर्मिनल अल्काइन २५. मॉडेल किट (रेणू हाताने जोडून बघायचे गोळे-काड्या) घ्या. सिनियरच्या जुन्या पेपरांवर विसंबू नका, त्यातली अर्धी उत्तरं त्याचीच चुकलेली असतात. त्यापेक्षा ऑफिस अवर्सना (शंका विचारायला प्रोफेसरनी ठेवलेली वेळ) जा, प्रोफेसर तिथे एकटेच बसलेले असतात आणि आपण मात्र बावळट दिसू म्हणून जात नाही.

आता लॅब. हे नीट वाचा.

बेंझोइक ॲसिड वेगळं करायचं होतं. मिश्रण डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवलं, सेपरेटरी फनेलमध्ये (थर वेगळे करायचं, खाली नळ असलेलं भांडं) सोडियम हायड्रॉक्साइडचं पाण्यातलं द्रावण घालून हलवलं. डायक्लोरोमिथेन पाण्यापेक्षा जड, घनता १.३३, म्हणजे ते खाली, पाणी वर. खालचा थर मी जपून ठेवला आणि वरचा 'पाणीच तर आहे' म्हणून वेस्टच्या बाटलीत ओतला. माझं ॲसिड सोडियम बेंझोएट होऊन त्या पाण्यातच होतं! एचसीएल घातलं असतं तर पांढरंशुभ्र खाली बसलं असतं.

इथवर फक्त मार्क गेले असते. पण मी पार्टनरचा मेल्टिंग पॉइंट उचलला, १२१ ते १२२, वर ७८ टक्के यील्ड (अपेक्षेच्या किती टक्के प्रॉडक्ट हाती आलं ते) मनानेच टाकली. लॅबच्या टीचिंग असिस्टंटने रिपोर्ट वाचून शांतपणे विचारलं, व्हायल (प्रॉडक्टची छोटी बाटली) कुठंय? व्हायल नव्हतीच. जर्नल उतरवून काढायची सवय आपल्याला इतकी असते की मला तो गुन्हा वाटलाच नव्हता. इथले लोक तोंडावर गोड बोलतात, आणि तितकंच गोड बोलत कारवाईचा कागद पुढे सरकवतात. अख्खा कोर्स पुन्हा करा, फी पुन्हा भरा, घरी काय सांगायचं तो घोर वेगळाच. यील्ड शून्य आली तर शून्य लिहा आणि का आली ते लिहा. त्याला मार्क देतात हो! माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीने हेच केलं आणि ती आरामात पास झाली.

आणि प्रॉडक्ट हातात येऊन वजन होईपर्यंत एकही थर फेकू नका, एकही. बीकरवर नाव लिहा. ईथर वापरलंत तर उलटं, ते पाण्यावर तरंगतं. कळत नसेल तर वरून पाण्याचा थेंब टाका, वरच्या थरात मिसळून गेला तर वर पाणी, थेंबच्या थेंब खाली उतरला तर पाणी खाली. फनेल हलवताना मध्येमध्ये ते उलटं धरून नळ उघडून गॅस सोडा, आणि तेव्हा फनेलचं नळाकडचं टोक पार्टनरकडे नको.